सासऱ्यांचे फोटो वाचत नसलेला ड्राइव्ह

सासऱ्यांचं वर्षश्राद्ध तोंडावर आलं होतं आणि फ्रेम करण्याजोगा त्यांचा एकही फोटो कुणाकडे नव्हता. म्हणजे होते, पण माझ्याकडच्या एका सीडीवर. जागा अडते म्हणून कॉम्प्युटरवरून ते मीच पुसले होते आणि सीडीवर एकदम सुरक्षित आहेत असं बायकोला छातीठोक सांगितलं होतं.

सीडी घातली की ड्राइव्ह घरघरायचा, दिवा लुकलुकायचा आणि पडद्यावर यायचं, डिस्क घाला. अरे, घातलीय. बनियनला पुसून पुन्हा घातली. केबल काढून बसवली. मग भजनांची सीडी लावून पाहिली, तर ती खणखणीत वाजली. घरी भरलेल्या फोटोंच्या, कागदपत्रांच्या सीड्यांपैकी मात्र एकही वाचेना. सगळ्या एकदम थोड्याच बिघडतील? म्हणजे दोष ड्राइव्हचाच.

मोडनिंबहून मेव्हण्याचा फोन आला. “दाजी, फोटो पाठवताय न्हवं? फ्रेमवाला थांबलाय.”

“पाठवतो, पाठवतो.”

“कालबी हेच म्हणला की.”

बायको मेथी निवडत होती. “भजनं वाजत्यात आन् आमचे अण्णाच तेवढे दिसंनात व्हय?”

मी चिडलोच. “धूळ पुसताना तूच काहीतरी केलं असशील.” तिने मेथीची पुढची जुडी ओढली.

शेवटी स्क्रू काढून ड्राइव्हचं झाकण उघडलं. आतल्या बारक्या भिंगावर लाल थर होता. कोपऱ्यात तांदळाचे दाणे.

खंडेनवमीला आमच्याकडे शिलाई मशीन, स्कूटर, कॉम्प्युटर, सगळ्यांची पूजा होते. एरवी ती बायको करते, यंदा मी केली. ड्राइव्हचा ट्रे ताटलीसारखा बाहेर आलेला बघून मला तीच जागा योग्य वाटली. हळदकुंकू, अक्षता त्यात वाहिल्या आणि बटण दाबून सगळं आत सारलं. वर हातही जोडले.

बायकोला बोलावून दाखवलं. “मीच केलंय हे.”

तिने वाकून पाहिलं. “निवद तेवढा ऱ्हायला की.”

स्पिरिटच्या बोळ्याने भिंग पुसलं, झाकण लावलं. तरी सीडी अडखळतच होती. कॉम्प्युटरचा डबा किंचित मागे कलता धरला तरच फोटो उघडायचे, सोडला की बंद. मग तिने डबा दोन्ही हातांनी धरला आणि मी माऊस धरला. पहिल्या फोटोत अण्णांचे डोळे मिटलेले. “हा नगं.” दुसऱ्यात कुणाचा तरी हात आडवा आलेला. तिसऱ्यात बांधावर बसून हसतायत, फेटा सैल झालेला. ती डबा धरूनच पडद्याकडे वाकली.

“हाच पाठवा.”

तो उतरवला, मेव्हण्याला पाठवला. बाकीचे एकेक करून येत होते. मी मान खाली घालून म्हणालो, “मघाशी तुला बोललो ते...”

“आदी समदे भायेर काढा,” ती म्हणाली. “माजे हात अवघडल्यात.”