रोगट खोडाची रोपं

दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. असोद्याचे झुलाल आबा तोंड न पोळताच फुंकत. एसटीत बसले की गाडी जळगावचीच ना, हे कंडक्टरला विचारत आणि वर शेजाऱ्यालाही विचारत. त्यांच्या पत्नी कुंदाबाई सांगत, अंतरपाट खाली आला तेव्हा यांनी आधी माझा चेहरा नीट न्याहाळला आणि मगच माळ घातली.

पण या खोडीवरच घर चाललं. बाटलीत वाढवलेली केळीची टिश्यूकल्चर रोपं ज्या नर्सरीत यायची, तिथे सव्वीस वर्षं आबांचं एकच काम होतं, रोगट रोप हुडकण्याचं. पानावर हरण्या रोगाचा फिकट पट्टा दिसला की रोप उपटायचं आणि मागच्या खड्ड्यात जाळायचं. दुसऱ्यांदा बघायचं नाही.

साठी उलटली आणि आबांच्याच रक्तात कॅन्सर निघाला. हळू चालणारा, वर्षानुवर्षं मुरणारा. जळगावच्या दवाखान्यातल्या डॉक्टर नूतनताईंनी एक दिवस विचारलं, संशोधनासाठी एक नळी रक्त द्याल का? रोगाशी लढणाऱ्या पेशी त्यातून वेगळ्या काढून प्रयोगशाळेत वाढवायच्या होत्या. आबांच्या कपाळावर आठ्या पडल्या. रक्त जाणार कुठे? नळीवर नाव कोण लिहिणार? दुसऱ्याच्या रक्तात मिसळलं तर? ताईंनी संमतीचा कागद दोनदा वाचून दाखवला. यातून तुमचा आजार बरा होईल असं नाही, हेही सांगून टाकलं. इतकं खरं बोलते म्हणजे नक्की काहीतरी लपवत असणार, असं आबांना वाटलं.

खरी भीती मात्र त्यांनी कुंदाबाईंनाही सांगितली नव्हती. रोग कळल्यापासून त्यांना नर्सरीमागचा तो खड्डा आठवत होता. आता आपणही त्यातलेच, हे मनात पक्कं बसलं होतं.

“रोगट केयीचं रोप आम्ही कधी ठेवलं नाही,” ते शेवटी म्हणाले. “मह्या पेशी रोगट निघाल्या, तं फेकूनच देसान ना?”

“नाही हो, आबा. रोगाशी लढून ज्या थकलेल्या निघतील, त्याच आम्हाला जास्त हव्यात. त्या का थकल्या, तेच तर शोधायचंय.”

जाळलेल्या एकाही रोपाला आबांनी कधी ‘का’ असं विचारलं नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले. मग चष्मा पुसून त्यांनी ताईंनी नळीवर लिहिलेलं आपलं नाव वाचलं, शंका नको म्हणून पुन्हा वाचलं, आणि बाही वर केली.