पाहुण्यांच्या आधी टोचलेलं बाळ

किरिबातीच्या आमच्या बेटावर नर्स एकच, नेई आरोइता. बावीस वर्षं तीच. मोटरसायकलवर पुढ्यात लसींचा थंड डबा घेऊन ती या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरते. मी फिजीतल्या सुवाहून साहित्याची पदवी घेऊन इथल्या शाळेत मास्तर म्हणून परतलो तेव्हा तिने विचारलं होतं, "त्याने ताप उतरतो का?" तेव्हापासून आमची मैत्री.

गेल्या वर्षी आरोग्य खात्याने बी-काविळीच्या लसीची मोहीम काढली. जन्मल्यापासून चोवीस तासांत पहिलं इंजेक्शन. उद्घाटन आमच्याकडे. फलक मी रंगवला. 'चोवीस तासांच्या आत लस' एवढी अक्षरं मोठी झाली, 'बाळाला' हा शब्द मावला नाही.

मंगळवारी पहाटे पाचला राकेरा बाळंत झाली. मुलगी. राकेराच्या रक्तात ती कावीळ होती. तिचा भाऊ त्याच काविळीने एकतिसाव्या वर्षी गेला होता. ती आईकडून बाळाला लागू नये म्हणून सुई लगेच हवी.

सकाळी कौन्सिलचा कारकून कैतारा आला. "मास्तर, नर्सबाईंना सांगा, टोचू नका म्हणावं. उपसचिव येतायत. ते स्वतःच्या हाताने टोचणार. फोटो आहे."

मी निरोप नेला. नर्सबाई मासा साफ करत होती.

"पाहुणे कधी?"

"दुपारच्या विमानाने."

"बरं," ती म्हणाली आणि खवलं काढत राहिली.

ती इतक्या सहज मानेल असं मला वाटलं नव्हतं.

विमान संध्याकाळी आलं. आमच्याकडे पाहुणा जेवून, झोपून उठल्याशिवाय कामाला हात लावत नाही. दुसऱ्या दिवशी सगळं गाव मानेआबाच्या, म्हणजे गावच्या सभाघराच्या, छपराखाली बसलं. आधी वडीलधारे बोलले, वयाप्रमाणे, एकेक करून. मग उपसचिव पहिल्या चोवीस तासांच्या मोलाविषयी सव्वा तास बोलले. शेवटी बाळ आणलं.

"किती तासांचं?" उपसचिवांनी विचारलं.

"तेवीस," कैतारा म्हणाला.

"तीस," नर्सबाई म्हणाली.

उपसचिवांचा हात थांबला. "मग तर उशीर झाला."

"नाही साहेब. पहिल्या तासातच टोचलंय." तिने दुपटं सारलं. मांडीवर कापसाचा बोळा चिकटवलेला होता. "मास्तर निरोप घेऊन आले तेव्हा झालं होतं. त्यांनी विचारलंच नाही."

"पाहुण्यांच्या आधी?" कैतारा पुटपुटला. इथे पाहुण्याआधी कुणी नारळसुद्धा फोडत नाही.

सगळ्यात वयस्कर तेबुरेआ आजोबा खाकरले. "एवढ्या लांबून आलेल्या माणसाला तसंच परत पाठवायचं का? कैतारा, तुला ही लस मिळालीय का रे?"

"आजोबा, मी चव्वेचाळीस वर्षांचा आहे. ही बाळांची आहे."

"फलकावर बाळ कुठे लिहिलंय?"

सगळ्यांनी फलक वाचला. मग माझ्याकडे पाहिलं.

"मोठ्यांना दुप्पट लागते," नर्सबाई म्हणाली आणि डबा उघडला.

खात्याच्या पत्रिकेत फोटो छापून आला. कैताराचे डोळे घट्ट मिटलेले, खाली ओळ: 'मोहिमेतील पहिले नवजात'.

गेल्या महिन्यात एकाच विमानाने दोन कागद आले. राकेराच्या मुलीच्या रक्ताचा अहवाल: लागण नाही. आणि खात्याचं पत्र: नियोजित वेळेपूर्वी लस दिल्याबद्दल खुलासा करावा.

अहवाल घेऊन नर्सबाई आधी राकेराकडे गेली. खुलासा मी लिहून दिला, दीड पान. तिने तो वाचला, घडी घालून डब्याच्या डुगडुगत्या कडेखाली सरकवला आणि स्वतः एक ओळ लिहून पाठवली.

"बाळ पाहुण्यांच्या आधी आलं."