पाच गाड्यांच्या खिळी

त्या मोसमात मी पाच नव्या बैलगाड्या विकल्या होत्या. चाक निसटू नये म्हणून आखाच्या टोकाला बसते ती लोखंडी खीळ लोहार घडवायचा. पण मालकासमोर ती ठोकायची सुतारानं आणि मानाचा नारळही त्यानंच घ्यायचा, ही आमच्याकडची रीत. मी तर अशा थाटात ठोकायचो, की बैलांकडं कुणी बघू नये!

गोरेगावच्या बाजारात एका मालकानं तुटकी खीळ माझ्यापुढं आपटली. चाक निखळून त्याची गाडी नाल्यात आडवी झाली होती. मी ताठ मानेनं त्याला लोहाराच्या भट्टीवर नेलं.

"लोखंडाला पाणी जास्त बसलं, ठिसूळ झालं, व्हय," लोहार म्हणाला. "पण पाचही गाड्यांच्या खिळींसाठी दिवसातून तीनदा येऊन घाई कोण करून राहिला होता?"

मालक माझ्यावरच उलटला. "लोहाराला मी काय ओळखतो? खीळ तुमी ठोकली, नारळ तुमी घेतला. बाकीच्या चार गाड्या कुठं हायेत?"

 त्यातली साखऱ्याची गाडी उद्या सकाळी बाळंतिणीला घेऊन निघणार होती! माझ्या जुन्या गाडीच्या खिळी उपसून मी रातोरात चालत सुटलो.

पोचलो तेव्हा बैल जुंपलेले, लेकरू आईच्या मांडीवर. "उतरा!" मी ओरडलो. खीळ काढून दगडावर मारली, तिचे दोन तुकडे झाले. जुन्या बसवल्या.

बाळंतिणीच्या सासूबाईंनी तुकडे पाहिले. "मिस्तरी, बाकीच्यांना सांगितलं का?"

"न्हाई, अजून तीन गाड्या हायेत."

"मग इथं काहून उभे राहून राहिले?"