घाईमास्तरांची भाजलेली पट्टी

घाईमास्तरांनी आयुष्यभर विंगेत बसून प्रॉम्प्टिंग केलं. नट वाक्य विसरला, की पुढचे शब्द हळूच पुरवायचे, एवढंच काम. पण तो विसरेपर्यंत थांबायला धीर कुणाला! नट श्वास घेतोय तोवर यांचं वाक्य हजर. एकदा नायक नायिकेकडे क्षणभर प्रेमानं बघत राहिला, तर हे विंगेतून मागणी घालून मोकळे! ती नायिका म्हणजे त्यांची थोरली बहीण. तिनं तेव्हा वटारलेले डोळे आजतागायत वटारलेलेच आहेत.

निवृत्तीनंतर मास्तरांनी नाटकमंडळीच्या जुन्या टेपा संगणकात उतरवायला घेतल्या. त्यात ताईच्या शेवटच्या नाटकाची एकुलती एक टेप होती. ताईचा आवाज आता बसलाय, दोन वाक्यांत धाप लागते. रविवारी तालमीच्या हॉलमध्ये जुनी मंडळी जमणार होती, आणि ताईनं बजावलं होतं, "मला माझा तो आवाज एकदा ऐकायचाय. बाकी मला कुणी काही देऊ नका."

टेपची पहिली बाजू व्यवस्थित उतरली. पण संगणक संथ, आणि मास्तरांचा पाय टेबलाखाली थुईथुई नाचायला लागला. कुठल्याशा व्हिडिओत त्यांनी ओव्हरक्लॉकिंग पाहिलं होतं. म्हणजे कारखान्यानं ठरवलेल्या वेगाहून संगणकाला जास्त पळवायचं. मास्तरांनी सेटिंगमध्ये शिरून मेमरीचा वेग वाढवला. चाललं. आणखी वाढवला. संगणक अडखळला, तर मेमरीला मिळणारं व्होल्टेजही चढवलं. काय पळाला म्हणता! त्या भरात दुसरी बाजू उतरवली. टेप इतकी जुनी, की दोन्ही बाजू एकेकदा वाजल्या आणि तिचा तपकिरी भुगा यंत्रात उरला.

मग तमाशा सुरू झाला. संगणकाचा पडदा निळा पडे, तो आपोआप बंद होई. मास्तरांनी आधी वायरला दोष दिला, मग पंख्याला, मग शेजाऱ्यांच्या ड्रिल मशीनला. मेमरीच्या दोन्ही पट्ट्या काढून त्यांची टोकं खोडरबरानं घासली. स्वतःवर संशय घ्यायचं तेवढं राहिलं.

शेवटी ताईची मुलगी आली. तिचं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे.

"मामा, काय केलंस?"

"मी? काही नाही. जरा प्रोत्साहन दिलं."

"कुणाला?"

"मेमरीला."

भाचीनं सेटिंग पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "हे प्रोत्साहन नाही, हा चटका आहे." तिनं वेग आणि व्होल्टेज मूळपदावर आणलं. मग एकच पट्टी ठेवून तपासणी लावली. ती ठणठणीत. त्याच खाचेत दुसरी लावली, तर पडद्यावर चुकांच्या लाल ओळींची रांग.

"खाच चांगली आहे. पट्टी भाजलीय. हिला दिलेलं ही तसंच्या तसं परत देत नाही, मधले शब्द खाते."

"आमच्या मंडळीत असे तीन नट होते," मास्तर म्हणाले, पण त्यांचा आवाज उतरला होता. "आणि ताईची टेप?"

"वेग वाढवण्याआधी उतरवलेलं शाबूत आहे. नंतरचं बघू."

नंतरच्यात शेवटचं स्वगत होतं. ऐन मोक्याला आवाज खरखरला, आणि दोन वाक्यं गायब. भाचीनं चांगल्या पट्टीवर पुन्हा पुन्हा वाजवून पाहिलं. फाइलमध्येच भोक पडलं होतं. पुन्हा उतरवायची, तर टेपचा भुगा झालेला.

रविवारी हॉल भरला. ताई पुढच्या खुर्चीत, डोळे मिटून. मास्तरांनी तिला आधीच सगळं सांगितलं होतं आणि दोन दिवस बोलणी खाल्ली होती. आवाज सुरू झाला. घर सोडून निघालेली, दारात थांबलेली नाटकातली ती बाई जणू हॉलमध्ये उभी राहिली. मग खरखर आली. भाचीनं ध्वनिमुद्रण थांबवलं. ताई उठली. गेलेली वाक्यं ती स्वतः म्हणणार, असं ठरलं होतं.

ताईनं श्वास घेतला. मास्तरांचे ओठ हलले. भाचीनं शेजारून त्यांचा गुडघा घट्ट दाबला. त्यांनी रुमाल तोंडात कोंबला. आज नाही, आज काही झालं तरी नाही! ताई थांबली. थांबूनच राहिली. सगळ्यांना वाटलं, वा, काय विराम घेतलाय!

"अरे मेल्या," ताई हळूच म्हणाली, "जन्मभर बडबडलास, आणि आजच गप्प? खरंच विसरलेय मी!"

हॉल खदखदला. मास्तरांनी रुमाल काढला. पहिल्यांदाच त्यांना घाई नव्हती.

"दिवा मी लावून ठेवलाय..." ते म्हणाले.

"दिवा मी लावून ठेवलाय," ताई म्हणाली, बसक्या आवाजात, "तो विझला तरी चालेल. मी त्याच्यासाठी परत येणार नाही."

भाचीनं बटण दाबलं, आणि तिथून पुढे तरुण ताई बोलू लागली.