हजेरीतला ह

गुरुजीनं माझ्या तोंडात खडू कोंबला. अख्खा. म्हणे, अडकलेला ह बाहेर ढकलतो.

नव्वदच्या दशकातली माझी चौथी. गिरडजवळचं गाव. हजेरीत माझं नाव आलं की हजर म्हणताना मी ह धरायची. ह, ह, ह. तेवढ्यात जाम गावचे ट्रक नागपूरला माल उतरवून परत यायचे. गुरुजीला एवढा दम कुठला? समोर बसलेल्या पोरीची तो गैरहजेरी लावायचा, आणि गैरहजर राहिली म्हणून पोटऱ्या फोडायचा. माझ्यावर इतके फोक मोडले की नाल्याकाठी बेशरमाचं झाड उरलं नाही. तो गावच्या बड्या दुकानदाराचा पोरगा, आम्ही बौद्ध मोहल्ल्यातले. तक्रार कोणाकडे करायची?

एक दिवस वर्गाला म्हणाला, "मिरवणुकीत जयभीम कसं बराबर निघते इच्या तोंडातून? अथीच काऊन दातखीळ बसते?" वर्ग खिदळला. महिनाअखेर नाव पटावरून काढतो म्हणाला.

दारात नव्या बाई उभ्या होत्या. सिंदी मेघेहून एसटीनं यायच्या. त्या हसल्या नाहीत. मधल्या सुट्टीत मला गाठलं.

"टोमणा होता, पोरी. पण खरा होता. सगळ्यायसंग बोलते तवा तू अडकतच नाई."

मग रोज आम्ही दोघी शाळेमागे. बाई माझ्यासोबत हजर म्हणायच्या. हजारदा. मी लाखदा सांगते. नाल्यातले बेडूकसुद्धा हजर म्हणू लागले. हळूहळू बाईंचा आवाज बारीक झाला. मग नुसते ओठ. मग ओठही मिटले. मी रडले.

"मी काय जलमभर तुह्या तोंडात राहू?" बाई म्हणाल्या.

महिन्याचा शेवटचा दिवस. माझं नाव आलं. ह अडकला. एकदाच. गुरुजी खडू घेऊन धावला. बोटं आत आली, मी दात आवळले. बोट तुटून पडलं असं मी गावभर सांगते. तुटलं नव्हतं. नख गेलं. त्यानं माझं डोकं भिंतीवर आपटलं. तोंडात रक्त, त्याचं की माझं कोण जाणे. त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर थुंकले आणि म्हटलं, "हजर." एका दमात.

बाई आत आल्या. हजेरीपट त्याच्यापुढं सरकवला आणि तिथंच उभ्या राहिल्या. त्यानं रक्ताळल्या हातानं माझी हजेरी लावली.

अडकते मी अजूनही. बँकेत, कचेरीत, पाहुण्यांत. लोक कीव येऊन माझा शब्द पुरा करायला धावतात. मी करू देत नाही. माझं वाक्य मीच संपवीन. तोवर उभे राहा.