नर्सिंगचं स्थळ

साखर कारखान्यामागं चिपाडाचा ढीग साचतो, तसे शाळेत किस्से साचतात. उपसणारा कुणी नसतो. गळ्याशपथ सांगतो, पुढचा शब्द न् शब्द खरा आहे. म्हणजे, शब्द खरे आहेत. वाक्यं थोडी माझी आहेत!

सत्तरच्या पुढची ती वर्षं. मॅट्रिक तेव्हा अकरावीला असायची. कोपरगावाजवळच्या आमच्या हायस्कुलात हेडमास्तरांनी मला 'करिअर मास्टर' केलं. म्हणजे पोरांनी पुढं काय शिकायचं, कुठं नोकरी धरायची, ते सांगणारा मास्तर. मलाच का? तर म्हणाले, "तुमचा विषय भूगोल. कुठलं कॉलेज कुठं आहे, ते तुम्हालाच माहीत!"

*

पहिल्याच तासाला विचारलं, "काय व्हायचंय?"

सगळा वर्ग ओरडला, "कारखान्यात!"

"अरे, पण कारखान्यात काय?"

"कारखान्यातच!"

एकजण तेवढा उभा राहिला. "सर, मी चेअरमन."

"त्याला काय लागतं, ठाऊक आहे का?"

"व्हय. वडलांचा ऊस!"

मुलींच्या बाकावरून एकटी कमल म्हणाली, "मला नर्स व्हायचंय." वर्ग हसला. मला हसू आलं नाही, कारण तिचे वडील बापू मला ठाऊक होते. चैत्रात तिचं लगीन उरकायचं, हे त्यांनी ठरवूनच टाकलं होतं.

*

मग मुलाखतीची प्रॅक्टिस घेतली. मी साहेब झालो. एक पोरगा दार वाजवून आत आला.

"बसा. ही नोकरी तुम्हाला का हवी?"

"मला न्हाई, सर. आमच्या दादांना पाहिजे."

"मग दादांनाच पाठवा!"

दुसऱ्या दिवशी दादा आले. नवा फेटा बांधून!

*

पालकसभेला मी भिंतीवर मोठा तक्ता लावला, 'मॅट्रिकनंतर काय?' मधोमध आमचं गाव, तिथून निघालेले बाण. एक पुण्याला, एक नगरला, एक आयटीआयला. बापूंनी प्रत्येक बाणावरून बोट फिरवलं.

"मास्तर, समदे रस्ते गावाभाईर जात्यात. एक तरी माघारी येतोय का?"

घरी जाऊन मी तक्त्यावर एक उलटा बाण काढला. त्यावर काय लिहावं सुचेना, म्हणून 'दिवाळी' लिहिलं!

*

कमलचं काम काही तक्त्यानं होईना. "परक्या मानसांची अंगं पुसायची? न्हाई जमनार," बापूंनी तोडून टाकलं. मग एका संध्याकाळी मी टोपी घालून त्यांच्या ओट्यावर जाऊन बसलो.

"बापू, कमलसाठी स्थळ आणलंय."

"कुटलं?"

"नगरचं. राहणं, खाणं, कपडालत्ता सगळा त्यांचा. वर दरमहा हातखर्चाला देणार. हुंडा नाही."

बापूंनी अडकित्ता खाली ठेवला. "हुंडा न्हाई? मग पोरात खोट असंल!"

"पोरगाच नाही. नर्सिंगची शाळा आहे."

बापूंनी अडकित्ता परत उचलला. "मग न्हाई!" आतून कमलची आई म्हणाली, "अवो, पाहून तर या. स्थळ न पाहता न्हाई म्हनत्यात व्हय?"

आता रीत मोडायची कशी! बापू नगरला यायला तयार झाले.

*

बापू, त्यांचे दोघे भाऊ आणि मी, एसटीनं नगरला गेलो. मेट्रनबाईंच्या ऑफिसात मंडळी ओळीनं बसली. थोरल्या भावानं सुरुवात केली, "पानी कुटून भरता? सैपाक कोन करतं?" बाईंनी सगळं सांगितलं. मग धाकटा भाऊ सवयीनं बोलून गेला, "बरं, नाव सांगा." बाईंनी तेही सांगितलं.

"आता जरा चालून दाखवा," तोच पुढं म्हणाला.

अन् मेट्रनबाई उठल्या, पांढऱ्याशुभ्र साडीत खिडकीपर्यंत चालत गेल्या, परत येऊन बसल्या. बापू माझ्या कानाशी म्हणाले, "चाल बेस हाय. देऊन टाकू पोरगी!"

आता खरं सांगतो. बाई चालल्या, ते मी रचलंय. त्या जागच्या हलल्यासुद्धा नाहीत. चष्म्यावरून बापूंकडं बघत एवढंच म्हणाल्या, "मुलगी घ्यायची की नाही, ते आम्ही ठरवणार. चालून तुम्ही दाखवा!"

दोघे भाऊ छताकडं बघायला लागले. बापू उठले. खाली मान घालून, पायाच्या नखाकडं बघत, हळूहळू खिडकीपर्यंत गेले अन् परत आले. पदर असता, तर तोही सावरला असता!

"पसंत," बाई म्हणाल्या. "जूनमध्ये मुलीला आणून सोडा."