तोंडानं सांग

जगात घडलेल्या कुठल्याही गोष्टीवर, ती सांगणारा माणूस समोर उभा असल्याखेरीज विश्वास ठेवायचा नाही, असं ठरवून जगणारा एकच माणूस आज पृथ्वीवर शिल्लक आहे आणि तो कोल्हापुरात राहतो. आमच्या घरात त्यांना ‘दादाचे दोस्त’ एवढंच नाव आहे. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, दोस्तांच्या तोंडी ‘पैलवान’. दोघं एका तालमीत घुमले, एकाच वर्षी मॅट्रिकला नापास झाले आणि पुढं जन्मभर रोज संध्याकाळी रंकाळ्याच्या एकाच बाकावर बसून एकाच कुस्तीबद्दल भांडले. ती कुस्ती दोघांपैकी कुणीच लढलेलं नव्हतं, पण बघितली दोघांनी होती, आणि दादाच्या दोस्तांच्या लेखी तेवढं पुरेसं होतं. एरवी त्यांच्यापुढं काहीही सांगायला जावं, तर ते मान तिरकी करून एकच विचारायचे, “कुणी बघितलं?” या दोन शब्दांनी त्यांनी आमच्या भावकीतल्या किती पुढाऱ्यांना, किती डॉक्टरांना आणि किती भविष्यवाल्यांना घाम पुसायला लावलं असेल, त्याचा हिशेब नाही. मला ते अजूनही ‘धाकट्या’ म्हणतात. माझे दात पडले, केस गेले, बँकेतून निवृत्त होऊन जमाना झाला, तरी मी धाकट्याच.

त्यांच्या येण्याची वर्दी चपलांनी मिळते. गल्लीच्या तोंडाशी करकर वाजायला लागलं की कुत्रीसुद्धा उठून बाजूला होतात. फाटकाशी आले की आत न बघताच ओरडणार, “हाईस न्हवं?” घरात माणूस आहे का, एवढीच त्यांना चौकशी करायची असते, पण आवाज असा की आत नसलेल्या माणसालाही अपराधी वाटावं. त्यांच्याकडं फोन आहे. बटनांचा. तो ते सदऱ्याच्या खिशात ठेवतात आणि घरी आले की एका स्टीलच्या डब्यात घालून कपाटावर ठेवतात. सुनेनं एकदा स्मार्टफोन आणून दिला, तर म्हणाले, “माझा फोन कुठं हाय ते मला ठाऊक हाय. मी कुठं हाय ते फोनला ठाऊक न्हाय. हे बरं चाललंय. ह्यात ढवळाढवळ नको.”

खरं तर मधे वर्षभर त्यांनीही स्मार्टफोन वापरला होता. भावकीच्या ग्रुपवर त्यांना मीच घेतलं होतं, कारण त्या ग्रुपचा अॅडमिन मी. हे सांगताना आज लाज वाटते, पण त्या वेळी मला ते पद कलेक्टरच्या खालोखाल वाटायचं. पावसाळ्यात नदीला पाणी आलं की आमच्या ग्रुपला जो पूर येतो, त्यापुढं पंचगंगा काहीच नाही. असाच एकदा कुणीतरी व्हिडिओ टाकला, की शिरोळकडचा पूल वाहून गेला. हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. कुणी ‘देवा वाचव’ लिहिलं, कुणी सरकारला शिव्या दिल्या, एका चुलतभावानं त्या पुलावर कविता केली. दादाचे दोस्त छत्री घेऊन एसटीनं जयसिंगपूरला गेले, तिथून मिळेल त्या गाडीनं पुढं गेले, पूल बघितला आणि परत येऊन माझ्या फाटकाशी भिजल्या धोतरानं उभे राहिले. “पूल हाय,” म्हणाले. “पाणी लांब हाय. पुलावर एक म्हस उभी हाय, तीबी काळजीत दिसली न्हाय. तुझ्या त्या व्हिडिओत माडाची झाडं हाईत आणि माणसं वाटोळ्या टोप्या घालून पळत्यात. शिरोळात तसल्या टोप्या कुणी घातल्या? कुणी बघितलं?” मी ग्रुपवर तसा खुलासा टाकला. त्याला एकही उत्तर आलं नाही. पूल शाबूत असल्यात कुणाला काही रस नव्हता. आणि कवितेला मात्र दुसऱ्या दिवशीपर्यंत अंगठे येत होते.

मिसळीच्या दुकानात तर त्यांनी एका पोराचा जाहीर पंचनामा केला. तो भाड्याचा फेटा बांधून, मोबाइल काठीला लावून, ‘अस्सल कोल्हापुरी’ असं दर वाक्यात तीनदा म्हणत चित्रण करत होता. पहिला घास तोंडाजवळ नेला, डोळे मिटले, मान डोलावली, ‘वाऽऽ’ म्हणाला, घास परत ताटलीत ठेवला आणि ताटली बाजूला सारली. शेजारच्या टेबलावरून दादाचे दोस्त उठले. “पावणं, कुठलं गाव?” त्यानं लांबचं एक नाव सांगितलं. “तुमच्याकडं गिळायच्या आधी ‘वा’ म्हणत्यात व्हय? आमच्याकडं गिळल्यावर म्हणत्यात. कधी कधी तर म्हणतबी न्हाईत, निस्ता रस्सा मागत्यात.” मग त्याचा मोबाइल त्यांनी दुकानदाराच्या गल्ल्यात ठेवायला लावला आणि ती मिसळ, पाव, वर जादा रस्सा असं सगळं त्याला समोर बसवून खायला घातलं. पोराच्या नाकातोंडातून पाणी आलं. त्याला स्वतः पाणी दिलं, दही दिलं, आईबापाची चौकशी केली. जाताना त्या पोरानं वाकून नमस्कार केला, आणि गंमत म्हणजे त्या नमस्काराचा व्हिडिओ कुठंच नाही.

ग्रुप सुटला तो त्यांच्या वाढदिवसाला. त्या दिवशी शुभेच्छांचा पाऊस पडला. सगळ्यांचा मजकूर एकच. पहिल्यानं ‘दीर्घआयुष्य’ लिहिलं म्हणून सगळ्यांनी तेच लिहिलेलं. दोस्तांना वाटलं, एवढ्या माणसांनी आठवण काढली, तर प्रत्येकाच्या घरी जाऊन आभार मानायला हवेत. दोन दिवस ते चपला करकरत हिंडले. पहिल्या घरी विचारलं, “काय लिवलं हुतंस गा माझ्याबद्दल?” त्याला आठवेना. दुसऱ्या घरी आभार मानले, तर यजमान म्हणाला, “कशाबद्दल?” तिसऱ्यानं त्यांनाच उलट विचारलं, “का, कुणाचा वाढदिवस हाय?” परत येऊन त्यांनी फोन माझ्या हातात दिला. “मला ह्यातनं काढ. जेवढी घरं माझ्या पायानं हुत्यात तेवढी माणसं माझी. बाकीच्यांनी सुखात ऱ्हावं. आणि ध्यानात ठेव, धाकट्या. काय महत्त्वाचं असलं तर येऊन सांग, न्हाईतर फोन कर. तोंडानं सांग. ग्रुपवर टाकलेलं मी सांगितलेलं धरणार न्हाय.” तेव्हापासून ज्याचा वाढदिवस असेल त्याच्या दारात ते सकाळी दात घासायच्या वेळेला भडंगाची पुडी घेऊन हजर. पुडीतलं निम्मं बोलता बोलता स्वतःच खातात. पण जाईपर्यंत त्या माणसाच्या आईच्या गुडघ्यापासून पोराच्या नोकरीपर्यंत सगळं ऐकून घेतात, आणि पुढच्या खेपेला आठवणीनं विचारतात. माझ्या ग्रुपवरच्या कुठल्याही ‘दीर्घआयुष्या’ला हे जमलेलं नाही.

आमची भावकी मात्र त्यांच्याबद्दल आता वेगळंच सांगते. ‘फोनच्या हट्टापायी जिवाभावाच्या दोस्ताच्या मातीला आला नाही, तो माणूस’ अशी त्यांची ओळख झाली आहे. लग्नाकार्यात हा किस्सा चवीनं सांगितला जातो. यंदा दादाच्या नातीचं लग्न ठरलं, आणि पत्रिकांवर नावं घालताना पुतण्या म्हणाला, “त्यांचं नाव राहू दे. बाबांच्या मातीला आले नाहीत, लग्नाला कशाला?” सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही त्या बैठकीत होतो. चहाचा कप हातात धरून मी गप्प होतो, कारण तो किस्सा खोटा आहे, हे त्या खोलीत एकट्या मलाच ठाऊक होतं. तो मीच जन्माला घातलेला आहे.

दादा पहाटे गेला. अचानक, आमच्या घरातच. सगळ्यांना कळवायचं काम माझ्याकडं आलं. मी दादाच्या दोस्तांचा नंबर काढला आणि थांबलो. हा माणूस ‘दुःखद निधन’ ऐकून फोन ठेवणारा नव्हता. तो विचारणार होता, कसा गेला, काय म्हणाला, तू कुठं होतास. ते तोंडानं सांगायचं धाडस माझ्यात नव्हतं. मग फोनमधल्या त्या लिहून देणाऱ्या यंत्राला मी सांगितलं, थोरल्या भावाच्या निधनाचा भावपूर्ण मजकूर दे. डोळ्याचं पातं लवायच्या आत आला: ‘शांत, संयमी, मितभाषी आणि सर्वांना सोबत घेऊन जाणारं व्यक्तिमत्त्व काळाच्या पडद्याआड.’ मी तो ग्रुपवर टाकला आणि सगळ्यांना कळवून झालं, अशी स्वतःची समजूत घातली. हात जोडलेली चित्रं येऊ लागली. मी ती बघत बसलो. दुपारी माती झाली.

संध्याकाळी फाटकाशी चपला करकरल्या. “पैलवान! हाईस न्हवं? का भ्यालास? बाकावर तासभर बसून आलो की!” अंगणात भावकी बसलेली. एक चुलतभाऊ म्हणाला, “आत्ता आलासा व्हय? दुपारीच झाली की माती.” ते तसेच उभे राहिले. एक हात फाटकावर. सगळे माझ्याकडं बघायला लागले आणि माझ्या तोंडून शब्द निघाले, “कळवलं होतं.” त्यांनी खिशातला फोन काढला, त्याच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. फोन परत खिशात ठेवला. “व्हय,” म्हणाले. “कळवलं हुतं. माझीच चूक झाली.” ज्या माणसानं एक पूलसुद्धा खोटाच वाहून जाऊ दिला नाही, त्यानं आमच्या अंगणात, सगळ्यांसमोर, चपला काढायच्याही आधी ते खोटं बोलून टाकलं.

तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जनाला कुणीतरी माझाच मजकूर वाचून दाखवला. शांत, संयमी वगैरे. मागून आवाज आला, “कुणी बघितलं?” सगळे वळले. “ह्यो कोण गेला म्हणायचा? पैलवानानं दूधवाल्याला तांब्या फेकून मारलेला मी बघितलाय. पाणी लई घातलं म्हणून. आणि दुसऱ्या दिवशी त्याच दूधवाल्याच्या टेंगळाला हळद लावायला गेला, तेबी बघितलंय. मितभाषी! गप बसला असता तर माझं आयुष्य वाढलं नसतं व्हय?” माणसं हसली आणि घाटावर मला पहिल्यांदा रडू आलं. भावकीनं त्याचाही अर्थ लावला, की मातीला आला नाही आणि वर राखेजवळ चेष्टा करतो. मी तेव्हाही काही बोललो नाही. दोस्त मात्र दर रविवारी माझ्या फाटकाशी येत राहिले. दादाऐवजी मला ‘हाईस न्हवं?’ विचारत राहिले.

पत्रिकांच्या बैठकीत मी अखेर कप खाली ठेवला आणि जे घडलं ते सांगितलं. ग्रुपवरही टाकता आलं असतं. अॅडमिन मीच. पण सगळे समोर बसलेले होते, तेव्हा तोंडानं सांगितलं. पुतण्यानं एक पत्रिका उचलली, अक्षता घेतल्या आणि एवढंच म्हणाला, “काका, चला.”

दोस्त घरातच होते. पुतण्यानं पत्रिका पुढं केली, तर त्यांनी ती न उघडताच बाजूला ठेवली. “तोंडानं सांग.” त्यानं मुलीचं नाव सांगितलं, मुलाचं सांगितलं, वार, वेळ, कार्यालय, सगळं सांगितलं आणि पाया पडला. मग मी सांगितलं. फोन केला नव्हता, ग्रुपवर टाकलं, आणि वर खोटं बोललो.

“ठाऊक हाय,” ते म्हणाले. “फोन दिवसभर खिशातच हुता की. वाजला न्हाय, ते मला कळंना व्हय?”

“मग तुम्ही चूक का कबूल केलीत?”

“तुझा भाऊ गेला हुता, धाकट्या. त्याच दिवशी तुझी अब्रूबी घालवू?” पुतण्या उठून आत सुनेकडं पाणी मागायला गेला. मग दोस्तांनी मान तिरकी केली, पण नेहमीचा प्रश्न विचारला नाही. आवाजही नेहमीचा नव्हता. “आता सांग. पैलवान कसा गेला? मला अजून कुणी सांगितलंच न्हाय.”

ज्या प्रश्नाला भिऊन मी फोन केला नव्हता, तो प्रश्न इतके दिवस तसाच त्यांच्याजवळ होता. मी सांगायला लागलो. पहाटे उठला, माझ्याकडं चहा मागितला. मी केला. एक घोट घेतला आणि डाफरला, “ह्याला चहा म्हणत्यात?” म्हणून कप परत माझ्या हातात दिला. मी साखर घालायला आत वळलो, आणि परत आलो तेव्हा संपलं होतं.

ते ऐकत होते. कपापाशी आल्यावर त्यांच्या मिशा हलल्या.

“हां,” म्हणाले. “ह्यो आमचा पैलवान.” मग धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले आणि म्हणाले, “पुन्हा सांग. चहापास्नं.”